जपानहून आलेला माणूस

मी जपानहून घरी आलो तेव्हा आगबोट दिघीसमोर खाडीच्या तोंडाशी थांबली आणि उतारूंना न्यायला किनाऱ्यावरून पडाव आला. पडावात माझा थोरला भाऊ बसला होता. तो मला घ्यायला आला नव्हता. मुंबईहून मागवलेली काथ्याची दोरखंडं त्याच बोटीने यायची होती, ती उतरवून घ्यायला आला होता. मी शिडीवरून खाली आलो. अंगात कोट, पायात बूट, हातात पत्र्याची पेटी. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "बूट काढ. पडावात पानी हाय."

दोन वर्षांहून अधिक काळाने भेटलेल्या भावाचं हे पहिलं बोलणं. मी बूट काढून हातात घेतले. किनारा येईपर्यंत तो दोरखंडांवर हात ठेवून बसला आणि मी बूट घेऊन.

आम्ही कोळी. बाचा स्वतःचा मचवा होता, त्यावरचा तांडेल तोच, समुद्रात खुंटाला बांधायची डोलीची जाळी होती, आणि मासळी सुकवून ती मुंबईला धाडायचा धंदा होता. घरात शिकलेला मी एकटा. मुरूडला आत्याकडे राहून मी मॅट्रिक झालो, हे आमच्या वाडीत त्याआधी कुणी केलं नव्हतं. आमची सुकी मासळी मुंबईला मस्जिद बंदरचा एक व्यापारी घ्यायचा. त्याला आम्ही शेट म्हणायचो. शेट मोठा हिकमती माणूस. जपानहून येणारे बंद डब्यातले मासे त्याने कुणाकडे तरी पाहिले आणि त्याच्या डोक्यात आलं की असा कारखाना आपल्या किनाऱ्यावर का नसावा. कोलंबी, सरंगा, रावस इथे पाण्याच्या भावाने जातात. शिकून येणारा माणूस तेवढा हवा. मासळीची शिसारी नसलेला आणि इंग्रजी वाचता येणारा माणूस त्याच्या माहितीत एकच होता, तो मी.

तो स्वतः आमच्या घरी आला, बाच्या शेजारी खाटेवर बसला आणि म्हणाला, "तांडेल, छोकरा मला दे. दोन वरसाची उमेदवारी करून येऊ दे. मग फॅक्टरी त्याची, माल तुझा, बाजार माझा." बाला हिशेब पटला. आईला पटला नाही. मी परत यावं म्हणून तिने निघायच्या आधी घाईघाईने माझं लग्न लावून दिलं. बायको माझी श्रीवर्धनकडची. तिच्या-माझ्यात चार गोष्टी झाल्या असतील नसतील, तोवर मी बोटीत चढलो.

जपानात उत्तरेकडच्या एका थंड बंदरात मला ठेवलं होतं. मासे डब्यात भरण्याचा तो मोठा कारखाना होता. पहिले कित्येक महिने मी नुसती फरशी धुतली. मग मासा कापायला शिकलो, मग डब्यांचा पत्रा कापायला, झाकण वळवून बसवायला, आणि शेवटी बंद भट्टीतल्या वाफेवर डबे शिजवायला. थंड झालेल्या डब्यावर बारीक काठीने टिचकी मारून डबा नीट बंद झाला की आतला मासा बिघडणार हे आवाजावरून ओळखायला मला तिथल्या म्हाताऱ्या मुकादमाने शिकवलं. खोक्यांवरची जपानी अक्षरंही मी तिथेच वाचायला शिकलो. माझं नाव कुणाला उच्चारता येत नसे. मी "इंदो" होतो. पण जेवायला बसताना मालकापासून मुकादमापर्यंत सगळे एका पंगतीत, आणि त्या पंगतीत मी होतो. थंडीत बोटं फुटायची, रक्त यायचं, तरी त्या दोन वर्षांत मला मी कुणी कमी आहे असं एकदाही वाटलं नाही. ही गोष्ट मला तिथे असताना कळली नाही. इकडे आल्यावर कळली.

घरी आल्यावर पहिले आठ-दहा दिवस वाडीने माझं कौतुक केलं. संध्याकाळ झाली की ओटीवर माणसं जमायची. जपानी लोक साप खातात का, बायका कशा असतात, बर्फावरून चालताना पाय जळतात की गारठतात. मी सांगायचो. तेच तेच पुन्हा सांगायचो. मग माणसं कमी झाली आणि माझं नाव पडलं, जपान्या. ते नाव अजून गेलेलं नाही.

आईशी माझं बिनसलं ते बोंबलांवरून. कारखान्यात हात लाकूड घासल्यासारखे घासून धुतल्याशिवाय मासळीला शिवायचं नाही हा नियम होता, आणि तो माझ्या अंगात मुरला होता. इथे किनाऱ्यावर बोंबील वाळूत ओतलेले, त्यांच्यावर माश्यांचं मोहोळ, कुत्री फिरतायत, आणि आई त्याच हाताने नाक शिंकरून बोंबलांची जोडी वलांडीवर टांगतेय. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या आडव्या काठ्या. मी तिला म्हटलं, आधी समुद्राच्या पाण्यात दोनदा धुऊन घे, खाली चटई घाल, वाळूत नको.

आई ऐकल्यासारखं करून काम करत राहिली. शेजारच्या बाया हसल्या. मी पुन्हा सांगितलं, जरा जोरात. तेव्हा आई उभी राहिली आणि हातातला बोंबील माझ्यापुढे धरून म्हणाली, "तू ह्याच्यावर वाढलास. जपानात गेलास तो ह्याच्यावर. तवा न्हाय वास आला?"

मी घराकडे निघालो. पण वास येत होता हे खरं होतं. रात्री जेवताना मी मासळी ताटाच्या कडेला सारायचो. बायको बघायची. ती पहाटे उठून सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आतल्या गावांना जायची. भाताच्या गावांत पाटी फिरवून, तांदूळ, कधी पैसे घेऊन दुपारी परत यायची. मी तेव्हा ओटीवर इंग्रजी पुस्तक वाचत बसलेला असायचो, कारण मला दुसरं काही काम नव्हतं.

कारखान्याचं काय झालं, असं विचाराल. मी आल्याबरोबर मुंबईला शेटकडे गेलो होतो. पेढीवर पूर्वी दोन गुमास्ते होते, आता एक होता. मंदीचे दिवस होते, हे मला समुद्रापलीकडे असताना कुणी सांगितलं नव्हतं. शेटने मला बसायला सांगितलं, चहा मागवला, जपानची चौकशी केली. मी भट्टीचं चित्र काढून आणलं होतं, ते त्याच्यापुढे पसरलं. त्याने ते नीट बघितलंसुद्धा. मग घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

"भाई, बाजार बेसी गयो," तो म्हणाला. "आत्ता फॅक्टरीचं नाव काढणारा मूरख."

"मग मी काय करू?"

"शिकून आला ना तू? शिकलेल्या माणसाला काय तोटा?"

त्याला मी दोष देत नाही, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो. ते खरं नाही. मी त्याला दोष देतो. त्याचा पैसा बुडाला असेल, पण त्याने माझ्या वयाची दोन वर्षं एका विचारावर लावली आणि विचार बदलला तेव्हा मला एक कार्डसुद्धा टाकलं नाही. मी तिकडे भट्टीपुढे उभा राहून शिकत होतो आणि इकडे ती भट्टी कधीच होणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

मग नोकरीच्या शोधात माझ्या मुंबईच्या वाऱ्या सुरू झाल्या. वाडीतल्या एका नातलगाकडे माझगावात उतरायचो. पहिल्यांदा एका सरकारी कचेरीत गेलो, कारण मासेमारीचा उद्योग वाढवायचा आहे असं सरकार म्हणतंय, असं कुणीतरी सांगितलं होतं. तिथले साहेब आपलेच, मराठी, गोरेपान, सोनेरी काड्यांचा चष्मा. मी जपानच्या कारखान्याच्या मालकाने दिलेला दाखला पुढे केला. तो जपानी भाषेत होता, खाली तांबडा शिक्का. साहेबांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा धरला.

"हे काय आहे?"

मी सांगितलं.

"पदवी कुठली?"

"पदवी नाही. कारखान्यात काम केलंय."

"म्हणजे मजुरी," ते म्हणाले. रागाने नाही, खात्यात नोंद करावी तसे. मग त्यांनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समजल्याची खूण आली. "तुम्ही कोळी. मग तुम्हाला मासळीचं शिकायला जपानला कशाला जावं लागलं?" शेजारच्या मेजावरचा कारकून हसला. मी दाखला परत घेतला.

दुसऱ्या ठिकाणी डबे बनवणारी विलायती कंपनी होती. तिथल्या गोऱ्या साहेबाने माझ्याशी नीट बोलणं केलं, हात बघितले, दोन प्रश्न असे विचारले की ज्याला काम येतं तोच विचारील. मला उमेद वाटली. शेवटी तो म्हणाला, कामगार हवा असता तर तुला घेतला असता, पण फोरमनच्या जागी हिंदी माणूस ठेवायची आमच्याकडे रीत नाही, आणि तू कामगारापेक्षा जास्त शिकलेला आहेस. असं त्याने मला प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून मी त्याचे आभार मानले. आता आठवलं की त्या आभारांची लाज वाटते.

त्याच दरम्यान श्रीवर्धनच्या एका वकिलांनी मला बोलावणं धाडलं. वाचनालयात 'जपानची औद्योगिक प्रगती' या विषयावर व्याख्यान द्यावं. मी दोन दिवस खपून भाषण लिहिलं. हॉल भरला होता. मला खुर्ची दिली, गळ्यात हार घातला. मी बोललो, आणि चांगलं बोललो असं मला वाटतं. आपल्या किनाऱ्यावर काय काय होऊ शकेल ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी अशा तरुणांची देशाला गरज आहे असं सांगितलं.

नंतर वकिलांनी चहाला घरी नेलं. बाकीची मंडळी आत माजघराशी गेली. मला त्यांनी फार आर्जवाने ओटीवर बसवलं. "इथे वारा छान येतो," ते म्हणाले. चहा कान तुटलेल्या कपात आला. पिऊन झाल्यावर मी कप खाली ठेवला, तेव्हा घरातली एक म्हातारी बाई दाराआडून म्हणाली, "तेवढा विहिरीवर विसळून कोनाड्यात पालथा घाला हं." मी विहिरीवर गेलो. गळ्यात हार तसाच होता. कप विसळला, कोनाड्यात पालथा घातला आणि आतून वकिलांचा आवाज ऐकला. ते कुणाला तरी सांगत होते की जपानात जातिभेद नाहीत म्हणून तो देश पुढे गेला. हे मीच तासाभरापूर्वी व्याख्यानात सांगितलं होतं.

घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आमी पाटी घेऊन जातो तवा आमाला ओटीवरबी घेत न्हाईत. तुमाला खुर्ची दिली." मला तिचा राग आला. ती मला चिडवत नव्हती, जे होतं ते सांगत होती, म्हणून जास्त राग आला.

होळीच्या सुमाराला भाऊ म्हणाला, "एक खलाशी आजारी हाय. येतोस का?" मी हो म्हटलं. मला वाटलं होतं, काही नाही तर हे तरी आपलं आहे. पहाटे मचवा निघाला. बा सुकाणूवर. खाडी सोडून बाहेर पडलो आणि लाट आडवी आली. तांडेलाचा मुलगा मी. लहानपणी मचव्याच्या बुडाशी झोपायचो. मी कठड्यावर वाकून ओकलो, तेव्हा खलाशांनी तोंडं दुसरीकडे वळवली. हसले असते तर बरं झालं असतं.

जाळं ओढायची वेळ आली. माझे हात आता सुरीला आणि डब्याला सरावले होते, दोराला नाही. दोर हातातून निसटला आणि तळव्याची साल घेऊन गेला. जाळ्याचा एक कोपरा कलंडला, थोडी मासळी सुटली. भाऊ आला, माझ्या हातातून दोर घेतला आणि म्हणाला, "बस तू." इतकंच. मी बसलो. परत येईपर्यंत बाने माझ्याकडे बघितलं नाही. आईने संध्याकाळी हळद लावली आणि म्हणाली, "पुन्हा जाऊ नकोस." मी पुन्हा गेलो नाही.

उन्हाळा लागता लागता शेटचा निरोप आला. कुणीतरी मोठा कंत्राटदार पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्याकडे जेवायला येणार होता, पैसेवाला माणूस, नवा धंदा शोधणारा. "चार डबे बनवून आण," शेटने कळवलं. "त्याला दाखवू."

भट्टी नाही, यंत्र नाही, डबे नाहीत. तरी मी ते काम घेतलं. त्या दिवसांइतका मी आल्यापासून कधी सुखात नव्हतो. मुरूडला एक जण पत्र्याचे कंदील आणि चाळण्या बनवायचा, त्याच्याकडून नव्या पत्र्याचे डबे करून घेतले. झाकणाला कथलाचा डाख मी स्वतः दिला. मासळीसाठी बायको पहाटे धक्क्यावर उभी राहिली आणि सगळ्यात मोठी, जिवंत कोलंबी निवडून आणली. मी तिला हात धुवायला सांगितले, तिने धुतले. दोघांनी मिळून कोलंबी सोलली. नुसत्या उकळत्या पाण्याची आच पुरणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून तांब्याच्या हंड्यात पाण्यात मिठाची पाटी ओतली. खारं पाणी जास्त तापतं. दिवसभर जाळ घातला. बायको लाकडं सारत बसली होती. मधेच म्हणाली, "हे तिकडं तुमी रोज करायचात?" मी हो म्हटलं. "मग तिकडंच का न्हाय ऱ्हायलात?" मी म्हटलं, परत यायचं कबूल केलं होतं. ती हसली. माझ्याकडे बघून ती हसल्याचं मला आठवतं ते त्याच दिवशीचं.

काही डबे फुगले, ते मी पुरून टाकले. बाकीचे महिनाभर ठेवून बघितले. काठीने वाजवून बघितले. आवाज खणखणीत होता. ते घेऊन मुंबईला गेलो.

शेटच्या घरी पाच-सहा जण जेवायला होते. मला जेवणानंतर आत बोलावलं. मी सगळ्यांसमोर डबा कापला. कोलंबी गुलाबी, घट्ट, पाणी स्वच्छ. मी एक उचलून खाल्ली. चव चांगली होती, आजही सांगतो, चांगली होती. बशी पुढे केली. कंत्राटदाराने वाकून वास घेतला आणि मागे सरला.

"कधीची म्हणालास?"

"महिन्याची."

"महिन्यापूर्वी मेलेली मच्छी," तो म्हणाला, आणि सगळे हसले. शेटही हसला. कुणीतरी म्हणालं, आधी मांजराला घाला. शेटने खरंच गड्याला हाक मारली. गड्याने मांजर आणलं, बशी खाली ठेवली. मांजराने सगळी कोलंबी खाल्ली, बशी चाटून पुसली आणि तिथेच अंग चाटत बसलं. त्यावर ते जे हसले, ते मी विसरू शकलेलो नाही.

मी म्हटलं, "शेट, तुमच्या गोदामात दोन वर्षांची सुकट आहे. ती तुम्ही खाता."

हसणं थांबलं. शेट मला बाहेर घेऊन आला. "माणसांच्या समोर असं बोलायचं नाही," तो म्हणाला. "तू हुशार आहेस. पण लोकांना नको असलेली वस्तू चांगली असून काय उपयोग?" त्याने मला परतीचं भाडं देऊ केलं. मी घेतलं नाही. त्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही. मी मात्र उधारीवर घरी आलो.

पावसाळा घरात काढला. आगबोटी बंद, मचवे ओढून शाकारलेले. पुरुष जाळी विणतात, मीही विणली. माझ्या गाठी सैल येतात असं भाऊ म्हणायचा आणि रात्रीतून पुन्हा घालायचा. आमच्यात भांडण होत नव्हतं. आम्ही एकमेकांशी पाहुण्यासारखे वागत होतो.

समुद्र मोकळा झाल्यावर शेटचा गुमास्ता स्वतः आला. जपानचा माल स्वस्त झाला होता. शेटने एका जपानी कंपनीची एजन्सी घेतली होती. माल काय, तर बंद डब्यातले मासे. बांगडा, सार्डिन, खेकडा. माझ्या कारखान्याचे नव्हते. दुसऱ्याच कुठल्या बंदराचे. खोक्यांवर सगळं जपानीत लिहिलेलं, कुठल्या खोक्यात काय आहे ते मुंबईत कुणाला कळेना. कळणारा माणूस शेटच्या माहितीत पुन्हा एकच होता.

मी गेलो. शेट जुनं सगळं विसरल्यासारखा गोड बोलला. मी विचारलं, "शेट, हे कोण खाणार? तुम्हीच म्हणालात, लोकांना नको."

"आगबोटीवर खातात, लष्करात खातात. इराणी ठेवतो. आता तर आपले लोकही घेतात."

"माझी कोलंबी ह्याहून ताजी होती."

शेटने एक डबा उचलला आणि माझ्यापुढे धरला. वर रंगीत चित्र होतं, समुद्र, जहाज, उगवता सूर्य. "हे बघ," तो म्हणाला. "परदेशी माल. तुझ्या डब्यावर काय होतं? कंदीलवाल्याचा पत्रा." मग म्हणाला, "नोकरी पाहिजे का नको?"

मी नोकरी घेतली. नाही म्हणून उठून आलो असतो तर ही हकिगत सांगायला मला अभिमान वाटला असता. पण बायकोच्या पाटीवर जेवून मला एक वर्ष होत आलं होतं, आणि पोटाशी अभिमानाचं फार दिवस पटत नाही. गोदामात माझं काम खोकी वाचायचं. वाचून झालं की डबे वाजवून बघायचे, खराब निघाला तर बाजूला काढायचा. दिवसभर त्या अंधाऱ्या गोदामात मी टकटक करत हिंडायचो. हमाल मला वेडा समजायचे. मला येत असलेल्या विद्येतलं नेमकं एवढंच या देशाला उपयोगी पडलं, दुसऱ्याने बनवलेली वस्तू वाजवून बघणं.

दोन-तीन वर्षांनी नारळी पुनवेला घरी गेलो. मचवे रंगवून झाले होते. पूजा झाली, नारळ सोडला, जेवणं झाली. दुपारी बाने मला आणि भावाला ओटीवर बोलावलं. बा थकला होता, सुकाणू त्याने भावाकडे दिलं होतं.

"मचव्याच्या वाटणीचं बोलायचं हाय," बा म्हणाला. "जो दर्यावर जातो त्याचा वाटा. ही रीत मी न्हाय घातली, माज्या बाच्या बाने घातली. तू दर्यावर जात न्हाईस."

"नाही जात," मी म्हणालो.

"मग मचवा ह्याचा. तुला घरात जागा हाय. ती कदी कोन काढनार न्हाय."

भाऊ खाली बघत होता. माझ्या मनात खूप काही आलं. जपानला मला कुणी पाठवलं, खाटेवर बसून हिशेब कुणाला पटला होता, ते सगळं ओठांवर आलं. पण बाचं म्हणणं रीतीप्रमाणे बरोबरच होतं. मी म्हटलं, "ठीक आहे."

"रागावू नकोस," भाऊ म्हणाला. मी आल्यापासून तो माझ्याशी इतक्या मऊ आवाजात कधी बोलला नव्हता. मला वाटतं त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. धाकटा भाऊ शिकून आला आहे, उद्या कारखाना काढील, मचव्यावर हक्क सांगेल, ही भीती त्याने इतकी वर्षं बाळगली असणार. माझ्याकडे घाबरण्यासारखं काही राहिलेलं नाही हे त्याला आता कळलं, आणि तो माझ्यावर माया करायला मोकळा झाला.

त्याच वेळी बायकोने मुंबईला यायचं ठरवलं. मी तिला विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "इथं आता कुनाच्या मचव्याची मासळी विकू? तिथं धक्क्यावरून घेईन." आम्ही माझगावात एक खोली घेतली. ती गिरगावात दारोदार मासळी विकायची, ताजी, आणि माझ्यापेक्षा जास्त कमवायची. मी संध्याकाळी गोदामातून यायचो तेव्हा ती पाटी धूत असायची. पाटी ती दोनदा धुते हे मला बऱ्याच दिवसांनी ध्यानात आलं.

बा पुढच्या शिमग्याच्या आत गेला. निरोप मिळून मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. भावाने डोकं भादरलं होतं. वाडीतला एक म्हातारा खलाशी माझ्याजवळ येऊन बसला, पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जपान्या, तुजा बा सगळ्यांना सांगायचा, माजा पोरगा साहेब हाय मुंबईला. डब्यांचा साहेब." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशीच्या बोटीने मला कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून मी दहाव्यापर्यंत थांबलो नाही.